पूररेषेच्या बाहेर असूनही दरवर्षी पाण्यात : सखल जमिनीवरच्या वसाहती आणि निचऱ्याचा प्रश्न

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगलीच्या पुराविषयी बोलताना आपण सारे आयर्विन पुलापाशी येऊन थांबतो. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर गेले की धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा अनेक भिंतींवर अजून दिसतात, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले तेव्हा काय घडले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला या धाग्यात दुसऱ्या पाण्याविषयी लिहायचे आहे. पुलाखाली नदी पात्रातच असते, इशारा पातळीला अजून बराच अवकाश असतो आणि तरीही शामरावनगर व त्याला लागून वाढलेल्या उपनगरांतल्या कित्येक गल्ल्यांमध्ये पाणी उभे असते. दोन दिवस जोराचा पाऊस झाला की ते येते आणि पाऊस थांबला तरी जात नाही. या पाण्याला ना इशारा पातळी आहे, ना पूररेषा, आणि बहुतेक वेळा त्याचा पंचनामाही होत नाही.

याचे कारण जमिनीत आहे. कृष्णेच्या खोऱ्यातली ही काळी, चिकण माती उसाला उत्तम, पण पाणी मुरण्याच्या दृष्टीने अत्यंत मंद. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि पहिले काही पाऊस त्या भेगा गिळून टाकतात. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तासाला फार तर काही मिलिमीटर पाणी खाली जाते. त्यात या भागाचा आकार बशीसारखा आहे. कडेचे मोठे रस्ते उंच आणि मधली वस्ती खाली. पूर्वी या शिवारातले पाणी ओत (पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक सखल वाटा) आणि लहान नाल्यांमधून सावकाश नदीकडे जात असे, आणि चार-आठ दिवस शेतात पाणी उभे राहिले तरी शेतकरी ते गृहीत धरूनच पीक घेत असे. त्याच शेतांचे एक-एक, दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पडले आणि त्यांवर घरे उभी राहिली, तेव्हा ओत कोणाच्या तरी प्लॉटमध्ये गेला, बांध मोडला आणि पाण्याची वाट कागदावरूनही नाहीशी झाली.

गुंठेवारी म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. शेतजमीन बिनशेती न करता, अभिन्यास (लेआउट) मंजूर करून न घेता, तिचे गुंठ्याच्या हिशेबाने तुकडे विकले जातात. मंजूर अभिन्यासात रस्त्यांची रुंदी, मोकळी जागा आणि गटारीची दिशा ठरवावी लागते. गुंठेवारीत या तिन्हींची सक्ती कोणावरच नसते. २००१ च्या कायद्याने त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वीची अशी बांधकामे नियमित करण्याची सोय झाली आणि २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरची टांगती तलवार त्यामुळे दूर झाली, हे मी मनापासून मान्य करतो. परंतु घर नियमित झाले तरी बुजलेला ओत नियमित होत नाही, तो पुन्हा खोदावाच लागतो.

आता थोडा हिशेब. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे पाच हजार लिटर पाणी होते, म्हणजे एकरभरात दोन लाख लिटर. शंभर एकरांच्या वसाहतीत हा आकडा दोन कोटी लिटरांवर जातो. पूर्वी यातले निदान काही पाणी मोकळी जमीन शोषून घेत असे. आता छपरे, फरशी घातलेली अंगणे आणि काँक्रीटच्या गल्ल्या ते जवळजवळ सगळेच्या सगळे, आणि तेही काही मिनिटांत, सर्वांत खालच्या गल्लीत आणून सोडतात.

या सर्वांहून मला अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे उंचीची चढाओढ. नवे घर बांधणारा माणूस शेजाऱ्याचे हाल पाहून दोन-तीन फूट मुरमाचा भराव टाकतो आणि जोते त्याहून वर घेतो. त्याच्यापुरते ते शहाणपणाचेच असते. पण त्याच्या प्लॉटवर जे पाणी उभे राहायचे ते आता शेजारच्या जुन्या घरात जाते. दर काही वर्षांनी रस्ता जुन्या थरावरच नवा थर टाकून केला जातो आणि प्रत्येक वेळी काही इंच वर चढतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दोन पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागत होते, त्याच घरात आज दोन पायऱ्या उतरून जावे लागते. कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी सर्वांत आधी इथे घरे बांधली, तेच आज सर्वांत खाली आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न एकेका घराने सोडवण्याचा राहिलेला नाही. वसाहतीसाठी रस्ता, गटार आणि जोते या तिन्हींची एक ठरलेली पातळी हवी, आणि ती ठरेपर्यंत टाकलेला प्रत्येक भराव व प्रत्येक नवा रस्ता कोणाचे तरी नुकसान करणार आहे. आपल्या गावात असे काही झाले असल्यास, किंवा या विषयाचे तांत्रिक ज्ञान असल्यास, कृपया लिहावे.

उतार_आणि_जोते

धागा महत्त्वाचा आहे. मी स्थापत्य अभियंता असून निवृत्तीपर्यंत पाणीपुरवठा व मलनिस्सारणाचीच कामे केली. तीन मुद्दे मांडतो.

पहिला पूररेषेचा. आपल्याकडे दोन रेषा असतात : साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे, तर निळ्या व लाल रेषेमधल्या पट्ट्यात लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंचीवर बांधकामाला परवानगी मिळू शकते. या दोन्ही रेषा नदीच्या पाण्याच्या आहेत. जमिनीवर पडलेला पाऊस कुठे साचेल, हे त्यांतून कळत नाही आणि कळावे असा त्यांचा हेतूही नाही. त्यामुळे लाल रेषेबाहेरची जागा म्हणजे कोरडी जागा, असे जे प्लॉट घेताना गृहीत धरले जाते, त्याला काहीही आधार नाही.

दुसरा मुद्दा उताराचा. गटार कितीही रुंद केली तरी पाणी उतारानेच जाते. एक हजारास एक इतका माफक उतार धरला तरी तीन किलोमीटरच्या नाल्याला तीन मीटर फरक लागतो. वसाहतीची जमीन आणि नाल्याचे मुख यांत तेवढा फरकच नसेल, तर त्या गटारीतून पाणी वाहण्याऐवजी गाळ साठतो, आणि अशा सपाट गटारी दुसऱ्या पावसाळ्यात निम्म्या भरलेल्या आढळतात. म्हणून गटारीचे काम मुखापासून सुरू करून वर वसाहतीकडे आणायचे असते. प्रत्यक्षात ज्या गल्लीतून मागणी येते तिथे शंभर-दीडशे मीटर गटार बांधली जाते. तिचे टोक कुठेच जोडलेले नसते, आणि पुढची गल्ली ते पाणी आपल्या अंगावर घेते.

तिसरा मुद्दा फुगवट्याचा आहे, आणि सांगलीसारख्या ठिकाणी तो टाळता येत नाही. नदी चढली की नाल्यांची मुखे पाण्याखाली जातात आणि नदी त्याच नाल्यातून उलटी आत येते. मुखाशी झडप बसवली तर नदीचे पाणी अडते, पण त्याच वेळी आत पाऊस पडत असेल तर आतले पाणीही कोंडते. त्यामुळे नुसती झडप हे अर्धे काम आहे. झडपेच्या आत पाणी थोपवून धरायला जागा हवी आणि उपसा करणारे पंप हवेत, आणि पंपांना वीज अशा ठिकाणाहून हवी की जे स्वतः पाण्यात जाणार नाही. शेवटचे वाक्य मी मुद्दाम लिहिले आहे, कारण तळघरातले किंवा रस्त्यालगतचे विजेचे पॅनेल आधी बुडते आणि पंप जागच्या जागी उभे राहतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

रस्त्यांच्या उंचीविषयी आपण लिहिले ते अक्षरशः खरे आहे. उपाय अवघड नाही. नवा थर टाकण्यापूर्वी जुना थर खरवडून काढायचा असतो, आणि त्यासाठीची यंत्रे आता जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतात. निविदेत ती बाब घातलेली नसेल तर ठेकेदार स्वतःहून खरवडणार नाही. काँक्रीटचा रस्ता असेल तर काम आणखी कठीण होते, कारण काँक्रीट फोडून पातळी खाली घेणे खर्चिक असते. म्हणून सखल वस्तीत काँक्रीटीकरणाची मागणी करण्यापूर्वी अंतिम पातळी ठरवून घ्यावी.

पंचगंगातीर

मी कोल्हापूरचा आहे. धागाकर्त्यांचा कळकळीचा स्वर समजतो, तरीही मला वाटते की आपण लहान दुखण्याकडे पाहून मोठे दुखणे विसरत आहोत. धरणांतून विसर्ग कधी आणि किती करायचा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी पावसाळ्यात किती ठेवायची, हे प्रश्न सुटल्याशिवाय गल्लीतल्या गटारींची चर्चा करून काय साधणार? आमच्याकडे २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी ५६ फुटांच्या वर गेले होते, तिथे ४३ फूट ही धोका पातळी आहे. तेवढे पाणी आले तर कोणती गटार उपयोगी पडणार? आणि दुसरे असे की, शेतातला सखल तुकडा स्वस्त मिळतो म्हणून घ्यायचा आणि नंतर सर्वांनी खर्च करून तो कोरडा करावा अशी अपेक्षा ठेवायची, हे कितपत न्याय्य आहे?

कृष्णाकाठ

पंचगंगातीर, आपला पहिला प्रश्न योग्य आहे. महापुरात गटारी निरुपयोगी ठरतात, हे मला पूर्ण मान्य आहे. धरणांच्या परिचालनाची चर्चा व्हायलाच हवी, त्यासाठी २०१९ नंतर वडनेरे समितीही नेमली गेली. पण महापूर काही वर्षांनी येतो आणि तुंबलेले पाणी दरवर्षी येते. दहा वर्षांत दोनदा घर सोडावे लागणाऱ्या कुटुंबाइतकेच, दहाही वर्षे ओल, डास आणि चिखलात राहणाऱ्या कुटुंबाचे आयुष्य झिजते, फक्त त्याची बातमी होत नाही. शिवाय महापूर ओसरल्यावरही या सखल भागातले पाणी सर्वांत शेवटी निघते, कारण बाहेर पडायला वाटच नसते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर किंवा काकानगर हे नदीलगतचे भाग आधी बुडतात, हे खरे. पण नदी उतरली की तिथले पाणी नदीबरोबर निघून जाते. बशीतल्या वसाहतींना तेवढाही दिलासा नसतो.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र मी आपल्याशी अजिबात सहमत नाही. साखर कारखान्यातला कामगार, हळदीच्या बाजारातला हमाल, एसटीतला वाहक यांना शहरात घर घ्यायचे तर दुसरी कोणती जागा परवडत होती? मंजूर अभिन्यासातला प्लॉट त्यांच्या आवाक्याबाहेर होता आणि स्वस्त सरकारी घरे पुरेशी बांधली गेली नाहीत. प्लॉट विकणाऱ्याला ओत कुठून जातो ते ठाऊक होते, कारण तो तिथे शेती करत होता. घेणाऱ्याने तो प्लॉट मे महिन्यात, भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर उभे राहून पाहिला. नियमितीकरणाच्या वेळी याच कुटुंबांनी विकास शुल्क भरले आहे. त्या पैशांतून निचऱ्याची सोय व्हावी ही मागणी म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे.

शेवंती

मी एका बाजूविषयी लिहिते, जिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. शौचालय. भुयारी गटार नसलेल्या अशा वसाहतींमध्ये प्रत्येक घराला सेप्टिक टँक असतो आणि त्याचे पाणी शोषखड्ड्यात सोडलेले असते. काळ्या मातीत शोषखड्डा उन्हाळ्यातही नीट शोषत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर आले की बाहेरचेच पाणी टँकमध्ये शिरते. भांड्यातले पाणी उतरत नाही, मग उलटे वर येते. घरात एखादी म्हातारी किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांत तिचे काय हाल होतात, ते मी शब्दांत मांडू शकत नाही. बायका दिवसभर पाणी पिणे टाळतात, आणि त्याचे परिणाम पुढे दवाखान्यात दिसतात. कूपनलिकेचे पाणी वापरणाऱ्या घरांना तर दुहेरी धोका असतो, कारण वर तुंबलेले मैलापाणी शेवटी तिथेच झिरपते.

आमच्या आरोग्य केंद्रात काम करताना आम्ही लोकांना काही गोष्टी आवर्जून सांगत असू. पाणी तुंबलेले असताना घाबरून सेप्टिक टँक उपसून रिकामा करू नये. भोवतालची जमीन पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते किंवा तडकते, म्हणून उपसा करायचा तो पावसाळ्याच्या आधी. शौचालयातून टँककडे जाणाऱ्या नळीवर, शेवटच्या चेंबरमध्ये, एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह बसवला तर मैला घरात उलटा येत नाही. टँकचे झाकण आणि हवेची नळी उंच घ्यावी. साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, आणि पायाला जखम असताना अशा पाण्यात गेल्यावर ताप आला तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगावी.

हे सगळे तात्पुरते आहे. खरा उपाय म्हणजे भुयारी गटार, पण ती पावसाच्या पाण्यापासून वेगळी असली पाहिजे. दोन्ही एकत्र केल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात मैलापाणी रस्त्यावर येते.

खारबांध

मी पनवेल तालुक्यातला. आमच्याकडे नदीऐवजी खाडी आहे, पण प्रश्नाचे स्वरूप तेच आहे, म्हणून लिहितो.

आमच्या वाडवडिलांनी खाडीच्या भरतीपासून शेते राखली ती बांध आणि उघाड्यांच्या जोरावर. बांधातली उघाडी ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते. गोव्यात खाजन जमिनींत हेच काम मानशी करतात. ही व्यवस्था शतकानुशतके टिकली याचे कारण तंत्र साधे होते एवढेच नव्हते, तर दरवर्षी बांधबंदिस्तीला सगळा गाव उतरत असे. बांध फुटला तर शेत सगळ्यांचेच खारे होत असे.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या खारजमिनींवर नवे शहर उभे राहू लागले, तेव्हा नियोजनकारांनी उघाडीचेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरले. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव आणि त्यांच्या मुखाशी झडपा. कळंबोलीसारखा, भरतीच्या पातळीखाली असलेला भाग या तलावांवरच अवलंबून आहे. कल्पना उत्तम होती आणि आजही आहे. परंतु तलावांत गाळ साठला, गाळात कांदळवन वाढले, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मी कांदळवनाच्या विरोधात नाही, खाडीकाठी राहणारा माणूस तसा असूच शकत नाही. माझे म्हणणे इतकेच की साठवणीचा तलाव बांधला की त्याच दिवशी त्याची सफाई कोण, कधी आणि कोणत्या पैशातून करणार, हेही ठरले पाहिजे. पहिली काही वर्षे गाळ नियमित निघाला असता तर तिथे कांदळवन रुजलेच नसते आणि पुढचा पेच उद्भवला नसता.

मुंबईचे उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखे आहेत आणि त्यांपैकी केवळ सहा भरतीच्या पातळीच्या वर आहेत. जुन्या गटारी ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या होत्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उपसा केंद्रे उभी राहिली. मुंबईला हे परवडले. सांगलीसारख्या शहराने तोच मार्ग धरायचे ठरवले तर पंपांच्या विजेचे आणि देखभालीचे बिल दरवर्षी कुठून भरणार, याचा विचार आधी करावा. आमच्या अनुभवावरून सांगतो की पाण्याला थांबायला जागा राखून ठेवणे हे पंपापेक्षा स्वस्त पडते.

उतार_आणि_जोते

खारबांध यांच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वसाहतीत अजून जे मोकळे प्लॉट आहेत, त्यांतले सर्वांत सखल प्लॉट शोधून ते संपादित करावेत आणि तिथे दीड-दोन मीटर खोल तळी करावीत. वीस गुंठे क्षेत्राचे, दीड मीटर खोलीचे तळे सुमारे तीस लाख लिटर पाणी धरते. धागाकर्त्यांच्या हिशेबातले सगळे पाणी त्यात मावणार नाही, पण पहिल्या तासाचा लोंढा थोपवला तर पुढचे पाणी लहान गटारीतूनही सावकाश जाऊ शकते. पावसाळ्याआधी ते रिकामे असले पाहिजे, हे मात्र विसरू नये. सुशोभीकरणाच्या नावाखाली बारमाही भरून ठेवलेले तळे निचऱ्याच्या कामाचे राहत नाही.

नवी_वीट

मी मिरजेजवळ प्लॉट पाहत आहे आणि हा धागा वाचून काळजीत पडलो आहे. घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे? तसेच जुने घर जॅकवर उचलून उंच करणारे लोक हल्ली येतात, तो मार्ग कसा आहे?

उतार_आणि_जोते

प्लॉट भर पावसाळ्यात पाहा, मोठ्या पावसानंतर दोन दिवसांनी. पाऊस पडत असताना सगळीकडेच पाणी दिसते, त्यामुळे थांबल्यानंतर कुठे राहते ते महत्त्वाचे. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंतींवर लोणा (ओलीने येणारा क्षारांचा पांढरा थर) किती उंचीपर्यंत चढला आहे ते बघा. रंग नवा असला तरी लोणा लपत नाही. मोकळ्या जागेत लव्हाळा, पाणकणीस किंवा बेशरमीची झुडपे असतील तर तिथे वर्षातला बराच काळ ओल असते. भूमी अभिलेखाकडून गाव नकाशा घ्या आणि आपल्या गटातून किंवा शेजारून ओढा-नाला दाखवला आहे का ते तपासा. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीबाहेरची जमीन) ‘ब’ अशी नोंद असेल तर ती रस्ता किंवा प्रवाह यांसारख्या सार्वजनिक वापराची असू शकते, तिचा नीट उलगडा करून घ्या. सर्वेक्षणाच्या छापील नकाशावरील समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या ठिकाणांना जोडणाऱ्या) वीस-वीस मीटरांच्या असतात, त्या इथे उपयोगाच्या नाहीत. आपला प्रश्न अर्ध्या-पाऊण मीटरचा आहे. त्यासाठी खासगी सर्व्हेअरकडून लेव्हल घेऊन प्लॉट, समोरचा रस्ता, जवळचा नाला आणि शक्य असल्यास २०१९ च्या पुराची भिंतीवरची खूण, अशा चार ठिकाणांची तुलना करा. एका दिवसाचे काम आहे आणि प्लॉटच्या किमतीपुढे त्याचा खर्च नगण्य आहे.

घर उचलण्याविषयी : भारवाहक भिंतींची, साधी, एकमजली इमारत असेल तर ते शक्य असते. काळ्या मातीतल्या घराच्या पायाला आधीच तडे गेलेले असतील तर मी सल्ला देणार नाही. संरचना अभियंत्याने पाया उघडून पाहिल्याशिवाय कोणाशीही करार करू नये. आणि आपले घर उचलून आपण कोरडे झालो तरी गल्ली तशीच राहते, शौचालयाचा शेवंतीताईंनी सांगितलेला प्रश्नही तसाच राहतो.

पंचगंगातीर

कृष्णाकाठ, विकास शुल्काचा आपला मुद्दा मी लक्षात घेतला नव्हता, तो मला पटला. धरणांचा प्रश्न मोठा आहे, हे माझे मत कायम आहे, परंतु दोन्ही एकाच वेळी हाताळता येतील. एक भर घालतो. आपल्याकडे पूरमैदानातून जे महामार्ग आणि बाह्यवळण रस्ते भरावावर बांधले जातात, त्यांतल्या मोऱ्या पुरेशा आहेत का, हेही तपासायला हवे. भरावाने अडलेले पाणी वरच्या बाजूच्या वस्तीत पसरते, आणि ते पावसाचे असो की नदीचे, त्याला निघायला मोरीशिवाय दुसरी वाट नसते. नवा रस्ता मंजूर होताना हरकती मागवल्या जातात, तेव्हा बहुतेक हरकती मोबदल्याविषयी असतात. मोऱ्यांची संख्या, रुंदी आणि तळाची पातळी याविषयी लेखी हरकत घेणारे आम्हाला तरी क्वचित भेटले.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. आमच्या भागातल्या काही गल्ल्यांनी मिळून पहिले काम म्हणून लेव्हलची मोजणी करून घ्यायचे ठरवले आहे. खर्च घरटी वाटून घेणार आहोत, आणि भाडेकरूंकडून काही घ्यायचे नाही असे ठरले आहे. प्रत्येक गल्लीच्या दोन्ही टोकांना रस्त्याची पातळी, सर्वांत खालच्या जोत्याची पातळी, उपलब्ध असलेल्या गटारीच्या तळाची पातळी आणि नाल्याच्या मुखाची पातळी, एवढे आकडे एका नकाशावर आले तर उतार_आणि_जोते यांनी मांडलेला दुसरा प्रश्न, म्हणजे उतार उपलब्ध आहे की नाही, तो तरी सुटेल. जुना गाव नकाशाही मिळवला असून त्यावरचा ओत आज कोणत्या प्लॉटांमधून जातो ते वयस्कर शेतकऱ्यांना बरोबर घेऊन खुणावत आहोत. ज्यांची घरे त्या ओतावर आहेत त्यांना हलवण्याचा विषय आम्ही काढणार नाही. दोन घरांमधल्या बोळातून बंदिस्त पाईप नेता येतो का, एवढेच पाहणार आहोत.

पावसाळ्यापूर्वी आमच्या गल्लीतला रस्ता होण्याची शक्यता आहे. तो जुना थर खरवडूनच व्हावा आणि पूर्ण झाल्यावर त्याची पातळी आजच्या पातळीपेक्षा वर असू नये, असे निवेदन सह्यांसह देत आहोत. मोजणीचे आकडे त्याला जोडलेले असतील. उतार_आणि_जोते, खरवडण्याची बाब अंदाजपत्रकात नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी, त्याचा मसुदा आपण इथे लिहून दिलात तर तो निवेदनात जसाच्या तसा घेता येईल.

उतार_आणि_जोते

लिहून देतो. त्याबरोबर आणखी एक अट घाला : रस्त्याचा आडवा उतार दोन्ही बाजूंच्या गटारींकडे असावा, आणि गटारीच्या कठड्याला ठरावीक अंतरावर पाणी आत जाण्यासाठी भोके असावीत. ती नसल्यामुळे गटार रिकामी आणि रस्ता भरलेला, अशी स्थिती मी पुष्कळ नव्या वसाहतींत पाहिली आहे. काम चालू असताना, काँक्रीट ओतण्यापूर्वी, ती भोके आहेत की नाहीत हे तुमच्यापैकी कोणीतरी स्वतः उभे राहून पाहावे.